बँडिकूट: घुशीचं नाव लागलेला, पण घूस नसलेला प्राणी

‘बँडिकूट’ हा शब्द हल्ली आपल्या कानांवर चारी दिशांनी येतो. केरळच्या जेनरोबॉटिक्स कंपनीने मॅनहोल साफ करण्यासाठी यंत्रमानव बनवला, त्याचं नाव बँडिकूट. नव्वदच्या दशकात प्लेस्टेशनवर बोटं झिजवलेल्यांना नारिंगी रंगाचा क्रॅश बँडिकूट आठवत असेल. मुंबईतल्या घुशींबद्दल इंग्रजी वर्तमानपत्रात छापून आलं, तर तिथेही बँडिकूटच. आणि मग ऑस्ट्रेलियातून बातमी येते, की नामशेष व्हायला आलेला बँडिकूट मोठ्या कष्टाने वाचवला, बेटांवर नेऊन सोडला, त्याच्या राखणीला कुत्रे ठेवले.

ही शेवटची बातमी वाचून कुणीही म्हणेल, घूस आणि नामशेष? आमच्या गल्लीत या, पाहिजे तेवढ्या घेऊन जा.

गोंधळ नावाचा आहे. आपली घूस आणि ऑस्ट्रेलियातला बँडिकूट यांचं एकमेकांशी काहीही जवळचं नातं नाही. घुशीचं नातं उंदरांशी. ऑस्ट्रेलियातल्या बँडिकूटच्या मादीला पोटाशी पिशवी असते आणि त्याचे भाऊबंद म्हणजे कांगारू, कोआला, टास्मानियन डेव्हिल ही मंडळी. तरी दोघांना एकच नाव पडलं. आणि ते नाव इंग्रजांचंही नाही, ऑस्ट्रेलियाचंही नाही. ते आपल्या शेजारचं, तेलुगू आहे.

## तेलुगू नाव सिडनीला पोचलं कसं?

तेलुगूत घुशीला ‘पंदिकोक्कु’ म्हणतात. पंदि म्हणजे डुक्कर, कोक्कु म्हणजे उंदीर. डुकरासारखा उंदीर. किलोभर वजनाची, अंगावर राठ केस असलेली घूस ज्याने कोपऱ्यात गाठली आहे त्याला हे नाव पटेल. चिडली की ती गुरगुरतेही डुकरासारखीच. मद्रास आणि किनारी आंध्र भागात वावरणाऱ्या ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांनी हा शब्द उचलला आणि तोंडात बसेल तसा वळवून बँडिकूट केला. पुढे शास्त्रज्ञांनीही तोच धरला. घुशींच्या प्रजातीला शास्त्रीय नाव मिळालं ‘बँडिकोटा’.

1788 मध्ये इंग्रजांनी सिडनीत कैद्यांची वसाहत उभारली. ती सुरुवातीपासून भारताकडे डोळे लावून होती. धान्य, गुरं, कापड, रम असा बराच माल कलकत्त्याहून यायचा, आणि जहाजांवरचे खलाशी, अधिकारी, व्यापारी यांच्यातल्या अनेकांनी भारत पाहिलेला होता. अशा लोकांना सिडनीच्या झाडीत संध्याकाळी एक प्राणी दिसू लागला. सशाएवढा, तपकिरी, पाठ कमानीसारखी, तोंड लांब निमुळतं, सतत नाकाने जमीन उकरणारा. भारतातला तो डुक्करउंदीर त्यांना माहीत होता. अठरावं शतक संपतासंपता या नव्या प्राण्यालाही तेच नाव चिकटलेलं दिसतं.

यात इंग्रजांना हसण्यासारखं काही नाही. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या एका काटेरी झाडाच्या वळलेल्या शेंगा पाहून आपण त्याला विलायती चिंच म्हणून मोकळे झालो. ती चिंच नाही आणि विलायतेची तर मुळीच नाही. अनोळखी वस्तू समोर आली की माणूस ओळखीतलं नाव शोधतो आणि जे पहिलं सापडेल ते लावून टाकतो. फरक इतकाच, की विलायती चिंचेत ‘विलायती’ हा इशारा तरी आहे. बँडिकूटला तसा इशाराही मिळाला नाही. एकच शब्द दोन खंडांतल्या दोन वेगळ्या प्राण्यांवर कोराच्या कोरा बसला.

## पण तिथल्या लोकांकडे या प्राण्यासाठी नाव नव्हतं का?

एक नव्हे, डझनावारी होती. इंग्रज उतरले तेव्हा ऑस्ट्रेलियात अडीचशेहून जास्त भाषा बोलल्या जात होत्या आणि प्रत्येकीत आपापल्या भागातल्या प्राण्यांची नावं होती. कांगारू हा शब्द त्यातूनच आला. 1770 मध्ये जेम्स कुक या इंग्रज दर्यावर्दीचं जहाज दुरुस्तीसाठी क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावर अडकून पडलं, तेव्हा तिथल्या गुगू यिमिथिर लोकांकडून ‘गंगुरू’ हा शब्द टिपून घेतला गेला. (कांगारू म्हणजे ‘मला माहीत नाही’ ही शाळेत सगळ्यांनी ऐकलेली गोष्ट खोटी आहे. तो एका मोठ्या कांगारूसाठीचा खराखुरा शब्द आहे, हे भाषाशास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात त्याच लोकांमध्ये राहून तपासलं.)

बँडिकूटच्या काही जातींनाही स्थानिक नावं मिळाली. नैऋत्य ऑस्ट्रेलियातल्या नूंगार लोकांचा ‘क्वेंडा’ हा शब्द तिथल्या इंग्रजीत रुळला आहे. लांब कानांच्या वाळवंटी बँडिकूटला ‘बिल्बी’ म्हणतात, तो न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेकडच्या युवालाराय भाषेतला शब्द. पण हे अपवाद. बाकी वीसेक जातींच्या नावामागे आजही तेलुगू शेपूट लटकतं आहे. मला यात गंमत वाटते आणि थोडं वाईटही. ज्यांनी हा प्राणी हजारो वर्षं पाहिला, खाल्ला, गोष्टींत गुंफला, त्यांचा शब्द मागे पडला आणि ज्यांनी तो कधी पाहिलाच नाही त्या आंध्रच्या शेतकऱ्यांचा शब्द नकाशाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

## पिशवी असते म्हणजे नेमकं काय असतं?

सस्तन प्राण्यांच्या मोठ्या शाखांपैकी एका शाखेत आपण, गाय, वटवाघूळ, घूस, देवमासा असे सगळे येतो. आपली पिल्लं आईच्या पोटात वारेच्या, म्हणजे आईच्या गर्भाशयाला बाळ जोडणाऱ्या अवयवाच्या, आधाराने बराच काळ वाढतात आणि बऱ्यापैकी तयार होऊन बाहेर पडतात. दुसऱ्या शाखेतल्या प्राण्यांना शिशुधान प्राणी म्हणतात. त्यांची पिल्लं अगदी अर्धवट अवस्थेत जन्मतात आणि उरलेली वाढ आईच्या स्तनाला चिकटून करतात. बहुतेकांत त्यासाठी पोटावर कातडीची पिशवी असते.

बँडिकूट यात टोकाचा. उत्तरेकडच्या तपकिरी बँडिकूटची गर्भावस्था असते साडेबारा दिवसांची. सस्तन प्राण्यांत इतकी कमी क्वचितच कुणाची असेल. पिल्लू जन्मतं तेव्हा जेमतेम सेंटिमीटरभर लांब, डोळे मिटलेले, मागचे पाय नावापुरते. पुढच्या पायांनी ते आपलं आपण सरपटत पिशवीत शिरतं आणि या प्रवासात नाळ अजून आईशी जोडलेलीच असते. पिशवीचं तोंड मागच्या बाजूला उघडतं. कांगारूसारखं पुढे उघडत असतं, तर रात्रभर माती उकरणाऱ्या आईने पिल्लांवर ढेकळांचा मारा केला असता. पन्नासेक दिवसांत पिल्लू पिशवीबाहेर येतं आणि पुढच्या काही दिवसांत स्वतंत्र होतं.

आणखी एक विचित्र गोष्ट. शिशुधान प्राण्यांत वार साधी आणि अल्पजीवी असते. बँडिकूटमध्ये मात्र तिच्या जोडीला शेवटच्या काही दिवसांत आपल्या वारेच्या जातीची दुसरी वारही तयार होते. म्हणजे पिशवीवाल्यांतला हा प्राणी एका बाबतीत आपल्याकडे झुकलेला आहे. याने तो आपला नातेवाईक ठरत नाही, कारण ही रचना दोन्हीकडे स्वतंत्रपणे घडली असं मानलं जातं.

## दिसतो उंदरासारखा, मग उंदीर का नाही?

तोंड उघडून दात पाहिले की संशय फिटतो. उंदीर, घूस, खार यांना समोर वर दोन आणि खाली दोन पटाशीचे दात असतात, आयुष्यभर वाढणारे. म्हणूनच ते सतत काहीतरी कुरतडतात. बँडिकूटच्या तोंडात वरच्या जबड्यात पुढचे आठ किंवा दहा छोटे दात आणि खाली सहा. हे दात किडे, अळ्या, गांडुळं पकडायचे आहेत. तो धान्याची पोती फोडत नाही, वायरी कुरतडत नाही, भिंतीखाली पोखरत नाही. जमिनीत नाकाच्या आकाराची शंकूसारखी खळगी करतो आणि त्यातून अळ्या व जमिनीखालच्या बुरशीची फळं शोधून खातो.

मग दोघं सारखे का दिसतात? कारण जमिनीलगत, अंधारात, नाकाच्या जोरावर पोट भरायचं तर शरीराची ठेवण फार वेगवेगळी असून चालत नाही. काम सारखं असेल तर लाखो वर्षांत घाटही सारखा होत जातो.

इथे एक रास्त शंका निघते: ऑस्ट्रेलियात खरे उंदीर नाहीतच का? आहेत की. उंदरांचे पूर्वज काही लाख वर्षांपूर्वी नव्हे, तर बऱ्याच आधी, सुमारे पन्नास लाख वर्षांपूर्वीच आशियाच्या बाजूने बेटांवरून तिथे पोचले आणि त्यांच्या कित्येक देशी जाती तयार झाल्या. म्हणजे तिथे देशी उंदीर वेगळे, जहाजांतून आलेले परदेशी उंदीर वेगळे आणि उंदराचं नाव मिरवणारे बँडिकूट वेगळे.

## दात सांगतात एक, बोटं सांगतात भलतंच

उंदीर नाही हे ठरलं. पण पिशवीवाल्यांत तरी तो कुणाच्या जवळचा? या प्रश्नाने प्राणिशास्त्रज्ञांना दीडशे-दोनशे वर्षं छळलं आहे.

ऑस्ट्रेलियातल्या पिशवीवाल्यांची ढोबळ विभागणी दोन खुणांवर व्हायची. पहिली खूण दातांची. टास्मानियन डेव्हिलसारख्या मांसाहाऱ्यांना पुढचे छोटे दात पुष्कळ असतात. कांगारू, कोआला आणि झाडांवर राहणारे पोसम यांच्या खालच्या जबड्यात पुढे दोनच मोठे दात. दुसरी खूण मागच्या पायाची. कांगारूच्या गटात दुसरं आणि तिसरं बोट एकाच कातडीत गुंडाळलेलं असतं, टोकाला दोन नखं, जणू अंग विंचरायची फणीच. मांसाहाऱ्यांत बोटं सुटी.

बँडिकूटचे दात मांसाहाऱ्यांचे आणि बोटं कांगारूची. दोन्ही गटांच्या दाखल्यांवर त्याचं नाव, आणि दोन्हीकडे अर्धंच.

डीएनए तपासता येऊ लागल्यावर प्रश्न सुटेल असं वाटलं होतं. अर्धाच सुटला. बँडिकूट आणि बिल्बी मिळून स्वतंत्र कुळसमूह आहे, यावर आता वाद नाही. त्याची फांदी मुख्य खोडातून फार जुन्या काळी फुटली, इतकी जुनी की शेजारची फांदी कुठली हे सांगताना वेगवेगळ्या अभ्यासांत मतभेद होतात. बरेचसे निष्कर्ष त्याला मांसाहाऱ्यांच्या बाजूला ठेवतात. ते खरं धरलं तर जोडलेली बोटं एकतर दोनदा स्वतंत्रपणे उगवली, नाहीतर आधी सगळ्यांकडे होती आणि मांसाहाऱ्यांनी गमावली.

## मुळात हे सगळे ऑस्ट्रेलियात आले कुठून?

पिशवीवाले ऑस्ट्रेलियाचेच, असं आपण धरून चालतो. पण युरोपियन लोकांनी पाहिलेला पहिला पिशवीवाला प्राणी अमेरिकेतला होता. 1500 मध्ये विसेंते पिन्झोन या स्पॅनिश दर्यावर्दीने ब्राझीलच्या किनाऱ्यावरून ओपोसम या (पोसमहून वेगळ्या) प्राण्याची एक मादी नेऊन स्पेनच्या राजाराणीला दाखवली. ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत ही वेळ यायला आणखी सव्वाशे वर्षं लागली. दक्षिण अमेरिकेत आजही ओपोसमच्या शंभराच्या आसपास जाती आहेत.

या वंशाचे सर्वांत जुने जीवाश्म तर उत्तर गोलार्धात सापडतात. तिथून काही प्राणी दक्षिण अमेरिकेत उतरले. त्या वेळी दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया जोडलेले होते आणि अंटार्क्टिकावर बर्फ नव्हे, जंगल होतं. वाट तिथूनच गेली. हा नुसता तर्क नाही. अंटार्क्टिकाजवळच्या सेमूर बेटावर 1982 मध्ये पिशवीवाल्याचा जीवाश्म मिळाला. क्वीन्सलंडमधल्या मर्गन गावाजवळ साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे ऑस्ट्रेलियातले सर्वांत जुने पिशवीवाले सापडले आहेत. आणि चिली-अर्जेंटिनाच्या जंगलात राहणारा मुठीएवढा मोनितो देल मोंते हा प्राणी डीएनएच्या हिशेबाने ओपोसमपेक्षा कांगारूंना जवळचा निघतो. पुढे ऑस्ट्रेलिया अंटार्क्टिकापासून तुटून उत्तरेकडे सरकला आणि वर चढलेले प्रवासी तिथेच राहिले. निःसंशय बँडिकूट म्हणता येतील असे जीवाश्म सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वीपासून मिळतात.

## भारतही त्याच भूखंडात होता. मग आपल्याकडे पिशवीवाले का नाहीत?

हा प्रश्न महाराष्ट्रातून विचारायलाच हवा, कारण त्या महाखंडाचं नाव गोंडवन. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या हेन्री मेडलिकॉट यांनी 1872 मध्ये मध्य भारतातल्या खडकांना गोंडांच्या मुलखावरून हे नाव दिलं आणि पुढे एडुआर्ड झ्यूस या ऑस्ट्रियन भूवैज्ञानिकाने ते अख्ख्या प्राचीन खंडाला लावलं. चंद्रपूरच्या खाणींतला कोळसा याच गोंडवन खडकांतला.

पण भारताने गाडी फार लवकर सोडली. ऑस्ट्रेलिया-अंटार्क्टिकापासून आपण सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वीच वेगळे होऊ लागलो. पिशवीवाले अंटार्क्टिकात पोचले त्याच्या कित्येक कोटी वर्षं नंतर. ते आले तेव्हा भारत समुद्रात एकटा उत्तरेकडे निघालेला होता. नंतर आपण आशियाला धडकलो आणि आपल्याकडे आले ते आशियाचे प्राणी, त्यात उंदीरही. आशियाच्या बाजूला पिशवीवाले आढळतात ते फार तर इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटापर्यंत. म्हणजे प्राणी ज्या वाटेने कधी आला नाही, त्या वाटेने त्याचं नाव मात्र गेलं.

## शास्त्रीय नावं तरी बरोबर असतील?

तिथेही आनंदच आहे. बँडिकूटच्या एका गटाचं शास्त्रीय नाव ‘पेरामेलेस’, म्हणजे पिशवीवाला बॅजर. बॅजर हा युरोपातला प्राणी. नाव देणाराच फ्रेंच, त्यामुळे त्याला घूस आठवली नाही, बॅजर आठवला.

सगळ्यांवर कडी केली ती डुक्करपायी बँडिकूटने. (नावातच डुक्कर असलेल्या प्राण्याला पुन्हा डुकराचे पाय. तेलुगू येणाऱ्याला हसू आवरणार नाही.) 1836 मध्ये थॉमस मिचेल या सर्वेक्षकाच्या मोहिमेत याचा पहिला नमुना मिळाला. बारीक काड्यांसारखे पाय, पुढे खुरांसारखी दोन बोटं. योगायोगाने त्या नमुन्याची शेपटी तुटलेली होती. लंडनमध्ये विल्यम ओगिल्बी यांनी 1838 मध्ये त्याला नाव दिलं ‘कीरोपस एकॉडेटस’. एकॉडेटस म्हणजे बिनशेपटीचा. प्रत्यक्षात या प्राण्याला चांगली लांब शेपटी होती.

यावरून पुढे जे झालं ते कथालेखकालाही सुचणार नाही. 1857 मध्ये गेरार्ड क्रेफ्ट हा निसर्ग-अभ्यासक मरे नदीच्या भागात गेला. त्याने स्थानिक आदिवासींना ते बिनशेपटीचं चित्र दाखवून असा प्राणी आणाल तर बक्षीस देईन म्हटलं. लोकांनी साधे बँडिकूट पकडले, शेपट्या उपटल्या आणि आणून दिले. शेवटी क्रेफ्टला खरे डुक्करपायी मिळाले, जिवंत. त्याने ते पाळले, निरीक्षणं लिहिली आणि नंतर खाल्लेही. विज्ञानप्रेमावर भुकेने मात केली, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे.

चुकीचं नाव बदललं का नाही? प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा नियम असा, की सर्वांत आधी रीतसर प्रसिद्ध झालेलं नाव चालू ठेवायचं. ते वर्णनाला धरून नसलं तरीही. नाहीतर प्रत्येक पिढी नावं सुधारत बसेल आणि जुने कागद कुणाला कळणार नाहीत. म्हणून लांब शेपटीचा प्राणी कागदावर बिनशेपटीचा राहिला, आणि विसाव्या शतकाच्या मध्याला कायमचा गेला. 2019 मध्ये जुन्या संग्रहालयांतली कातडी आणि हाडं तपासताना कळलं, की डुक्करपायी एक नसून दोन जातींचे होते. दुसरीला ‘यिराट्जी’ हे स्थानिक भाषेतलं नाव मिळालं, तेही जात संपल्यावर. क्वीन्सलंडच्या रिव्हर्सले इथे सापडलेल्या एका जीवाश्म बँडिकूटला मात्र 2014 मध्ये शास्त्रज्ञांनी सरळ ‘क्रॅश बँडिकूट’ असं शास्त्रीय नाव देऊन टाकलं, खेळातल्या हीरोवरून.

## नावाने काय बिघडतं?

बँडिकूटचं नुकसान मुख्यतः नावाने केलेलं नाही, हे आधी सांगायला हवं. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी शिकारीच्या हौसेपायी युरोपातलं लाल खोकड ऑस्ट्रेलियात आणून सोडलं. मांजरं आधीच रानात पसरली होती. कुरणांवर मेंढ्या आणि ससे सुटले, गवताचं छप्पर गेलं. उघड्यावर पडलेला बँडिकूट खोकडाला आयता मिळाला. पूर्वेकडचा पट्टेरी बँडिकूट मुख्य भूमीवर शेवटी उरला तो व्हिक्टोरियातल्या हॅमिल्टन गावाच्या आसपास, भंगार गाड्यांच्या ढिगाऱ्यात वगैरे आसरा घेऊन. टास्मानियात खोकड रुजलं नाही, तिथे तो टिकून राहिला. हॅमिल्टनचे शेवटचे प्राणी पकडून त्यांची पैदास केली, कुंपणं घातली, फिलिप बेटावरून खोकडांचा नायनाट केला, मोकळ्या कुरणांवर मरेम्मा जातीचे राखणदार कुत्रे ठेवले. 2021 मध्ये व्हिक्टोरियाने त्याची नोंद ‘निसर्गातून नामशेष’वरून ‘धोक्यात’ अशी बदलली. सुरुवातीला सांगितलेली बातमी ती हीच.

पण वाचवायला पैसा लागतो आणि पैसा लोकांच्या मायेमागून येतो. तिथे नाव आडवं येतं. उंदरासारखा दिसणारा, उंदराचं नाव असलेला आणि बागेतल्या हिरवळीत रोज सकाळी खळगी सोडणारा प्राणी कुणाला आवडणार? विष ठेवलं जातं उंदरांसाठी, आणि बळी हाही पडतो. वास्तविक तीच खळगी जमिनीच्या कामाची असतात. एक क्वेंडा वर्षाला सुमारे चार टन माती वरखाली करतो, असं पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासकांनी मोजून काढलं आहे. त्यातून पाणी मुरतं, पालापाचोळा कुजतो, बी रुजतं.

आणि नाव बदलून फरक पडतो, याचा दाखला त्याच कुळात आहे. बिल्बीला इंग्रजीत पूर्वी ‘सशाच्या कानांचा बँडिकूट’ म्हणायचे. ते मागे पडलं, बिल्बी हे स्थानिक नाव रुळलं, आणि आज ईस्टरला ऑस्ट्रेलियात चॉकलेटच्या सशाच्या जोडीला चॉकलेटचा बिल्बीही विकला जातो, काही विक्रीतला वाटा त्याच्या संवर्धनाला जातो. 1995 मध्ये तिथल्या काही शास्त्रज्ञांनी देशी उंदरांसाठीही आदिवासी भाषांतली नावं सुचवली. त्यातलं पाणउंदराचं ‘रकाली’ हे नाव आज सर्रास वापरात आहे. बाकी बँडिकूटांसाठी क्वेंडासारखी नावं उपलब्ध आहेतच. पण एका जातीचा प्रदेश चार-चार भाषांत वाटलेला असला, की कुठल्या भाषेतलं नाव घ्यायचं हा प्रश्न येतो, आणि तो सुटेपर्यंत आंध्रची घूस सिडनीच्या बागांत उकरत राहणार.